हातावर पोट, बोटावर शाई

धंदा बसला, महागाई वाढली की गरीब माणूस मतदानाकडे पाठ फिरवतो, असं लोणावळ्यातही सहज बोललं जातं. आकडे मात्र वेगळंच सांगतात. एप्रिल ते जून 2020 या टाळेबंदीच्या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास 24 टक्क्यांनी आकसली. त्या फटक्यातून लोक पुरते सावरलेही नव्हते, तेव्हा 15 जानेवारी 2021 रोजी राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि मतदान सुमारे 79 टक्के झालं. जर्मनीत जुलै 1932 मध्ये पन्नास लाखांवर लोक बेकार होते, तरी 84 टक्के मतदान झालं.

‘मावळचा मतदारच उदासीन’ हेही खरं नाही. मे 2024 च्या लोकसभेला लोणावळा ज्यात येतं त्या मावळ विधानसभा क्षेत्रात मतदान 55 टक्क्यांच्या आसपास होतं, नोव्हेंबरच्या विधानसभेला ते 72 टक्क्यांच्या घरात गेलं. सहा महिन्यांत कोणाची गरिबी हटली नव्हती. माझ्या मते उमेदवार ओळखीचा, लढत गावातली, हे मोठं कारण. दुसरं कारण हंगाम. लोकसभेच्या मतदानाचा दिवस, 13 मे, हा सोमवार होता, तोही ऐन सुट्टीतला. शनिवार-रविवारचे पाहुणे हॉटेलच्या खोल्या सोडतात, नवे दारात उभे असतात. चादरी बदलणाऱ्याला केंद्रावर जायला कोण सोडतं?

कायदा सोडायला सांगतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवरच्यालाही. अपवाद फक्त ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामाचा. सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला दंड किती, तर पाचशे रुपयांपर्यंत. हंगामात एका खोलीचं एका रात्रीचं भाडंही याहून जास्त असतं. हा दंड वाढलाच पाहिजे.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज घराचा. ‘आपण भाड्याने राहतो, इथे आपलं नाव कसं लागेल?’ लागतं. मतदार यादीत नाव लागतं ते राहण्यावरून, मालकीवरून नाही. उलट, 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 सांगतं की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे लोणावळ्यात तुंगार्लीतल्या बंगल्याचा मुंबईकर मालक केवळ त्या बंगल्याच्या जोरावर इथला मतदार होत नाही. मागच्या खोलीत बारा महिने राहणारा त्याचा वॉचमन होऊ शकतो. पहिल्यांदा नाव नोंदवायचं तर नमुना 6, गावाकडचं नाव इकडे आणायचं तर नमुना 8. दोन्हींना पैसे पडत नाहीत.