मालक परगावी, कारभार कागदावर

आयुष्यभराच्या बचतीतून पुण्यात किंवा नाशकात दोन-तीन मजली इमारत बांधायची, तळमजल्यावर स्वतः राहायचे आणि वरच्या चार-सहा बिऱ्हाडांच्या भाड्यावर उतारवय निभावायचे, ही अनेक मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची जुनी रीत. पुढच्या पिढीतील मुले मुंबई, बंगळुरू किंवा थेट परदेशात स्थायिक झाली आहेत. आईवडिलांच्या पश्चात इमारत राहते, भाडेकरू राहतात आणि कारभार दूरध्वनीवरून चालतो. भाडे खात्यात जमा होत आहे तोवर सारे सुरळीत वाटते. करार संपून वर्ष उलटल्याचे अचानक लक्षात येते किंवा राखणदारच खोली सोडण्यास नकार देतो, तेव्हा मात्र मालकाची धावपळ सुरू होते.

वडील घरात होते तेव्हा त्यांची नजर हाच निम्मा कारभार होता. परगावच्या मालकाला ती जागा नोंदवलेले करार, मर्यादित अधिकाराची माणसे आणि ठरलेल्या तारखा यांनी भरून काढावी लागते. मालक कोठे राहतो याला कायद्यात महत्त्व नाही; त्याच्या जबाबदाऱ्या सर्वत्र सारख्याच असतात.

अकरा महिन्यांचा गैरसमज

अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करावी लागत नाही, हा समज अजूनही सर्रास आढळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा 'लिव्ह अँड लायसन्स' करार, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून गंभीर परिणाम पुढचा आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

नोंदणीकृत करार असेल तर कलम २४ चा आधार मिळतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. खर्चही फारसा नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का असते. दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ५०,००० रुपये अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारासाठी ते ५०० रुपयांच्या घरात जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. आधारच्या साहाय्याने ऑनलाइन नोंदणी होत असल्याने मालक आणि भाडेकरू एकाच वेळी एकाच ठिकाणी असण्याचीही गरज राहिलेली नाही. त्यामुळे 'गावाला येईन तेव्हा बघू' ही सबब टिकत नाही.

वडिलांच्या काळापासून राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी. ते भाडे भरत आहेत आणि अटी पाळत आहेत तोवर त्यांना संरक्षण आहे. त्यांच्या भाड्यात कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. दोन्ही प्रकारच्या रहिवाशांची नोंद वेगवेगळ्या वहीत ठेवलेली बरी.

एकाच माणसावर तीन कामे नकोत

दूर राहणारा मालक बहुधा ओळखीच्या एका माणसावर सारे सोपवतो. तोच भाडे गोळा करतो, तोच प्लंबर आणतो, नवा भाडेकरूही तोच ठेवतो. माणूस प्रामाणिक असला तरी ही व्यवस्था धोक्याची आहे, कारण त्याच्या कामाची पडताळणी करणारे कोणीच उरत नाही. भाडे थेट मालकाच्या खात्यात जमा व्हावे. देखभाल स्थानिक माणसाने पाहावी आणि ठरावीक रकमेपुढच्या खर्चाला आधी संमती घ्यावी. भाडेकरू निवडणे व करार करणे मालकाने स्वतःकडे ठेवावे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे कामही इतरांवर ढकलू नये.

राखणदाराला राहण्यास खोली दिली असेल तर ती नोकरीमुळे दिली आहे, नोकरी संपताच रिकामी करायची आहे, हे नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट लिहावे आणि पगाराची पोच ठेवावी. राखणदार किंवा काळजीवाहक कितीही वर्षे राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातील एका खटल्यात स्पष्ट केले. तेथे बहिणीच्या घरात राहणाऱ्या भावाने ताब्याचा दावा केला होता. तत्त्व मालकाच्या बाजूचे असले तरी तो निकाल येईपर्यंत अनेक वर्षे न्यायालयात गेली, हेही विसरता येत नाही. ते पत्र आधीच लिहून ठेवायचे ते यासाठीच.

मुखत्यारपत्र देताना

प्रत्यक्ष हजर राहणे शक्य नसल्यास मुखत्यारपत्र द्यावे लागते. ते विशिष्ट कामांपुरते असावे: करार नोंदवणे, पालिकेत व वीज कंपनीत अर्ज करणे, न्यायालयात हजर राहणे. विक्री, गहाण किंवा बक्षीसपत्राचा अधिकार त्यात नाही, असे शब्दांत नमूद करावे. एक बाब हमखास नजरेआड होते: वडिलांनी दिलेले मुखत्यारपत्र त्यांच्या निधनाबरोबर संपुष्टात येते. त्यानंतर त्याच कागदावर केलेले करार वादात सापडतात. वारस अनेक असतील तर सर्वांनी नव्याने मुखत्यारपत्र करून द्यावे आणि भाडे कोणाच्या खात्यात जाणार, हेही लेखी ठरवावे.

दुरुस्ती ही मेहेरबानी नव्हे

जागा राहण्यायोग्य ठेवणे हे कलम १४ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश एवढी त्याची मर्यादा आहे. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडण्यास मात्र कलम २९ ची मनाई आहे. पूर्वसूचना देऊन योग्य वेळी जागेची पाहणी करण्याचा हक्क मालकाला कलम २८ ने दिला आहे. वर्षातून दोन फेऱ्या पुरेशा ठरतात. एप्रिल-मे महिन्यांत गच्ची, पन्हळी व ड्रेनेज पाहावे. दिवाळीच्या सुमारास भिंतींची ओल, पाण्याची टाकी व मोटार पाहावी. इमारत ३० वर्षांहून जुनी असल्यास महापालिका हद्दीत नोंदणीकृत अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे.

उत्पन्न किती, हाती किती

सहा बिऱ्हाडांचे प्रत्येकी १५,००० रुपये भाडे धरले तर वर्षाचे १०,८०,००० रुपये होतात. समजा प्रत्यक्ष भरलेला पालिका कर ६०,००० रुपये आहे. उरलेल्या १०,२०,००० रुपयांवर ३० टक्के, म्हणजे ३,०६,००० रुपये प्रमाणित वजावट मिळते आणि ७,१४,००० रुपये करपात्र ठरतात. राखणदाराचा पगार आणि दुरुस्ती यांची वेगळी वजावट नाही. त्यामुळे त्यांचा खर्च या ३० टक्क्यांत बसवता आला तर हिशेब जुळतो. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घरांना लागू नाही, हेही गणितात धरावे. मालक अनिवासी भारतीय असल्यास भाडे कितीही असो, भाडेकरूने त्यातून करकपात करणे आवश्यक असते आणि रक्कम सहसा मालकाच्या अनिवासी सामान्य खात्यात जमा होते. नव्या भाडेकरूला ही गोष्ट कराराआधीच सांगावी.

या सर्वासाठी एक साधी दिनदर्शिका उपयोगी पडते. प्रत्येक कराराची अखेरची तारीख, तिच्या दोन महिने आधीची आठवण, मिळकतकर, वीजबिले आणि पावसाळ्यापूर्वीची पाहणी अशा नोंदी त्यात कराव्यात. त्या सांभाळणेही शक्य नसेल, तर इमारत विकायची की राखायची, हा प्रश्न भावंडांनी एकत्र बसून वेळीच सोडवलेला बरा. तो लांबणीवर पडत गेला तर पुढे तो न्यायालयात सोडवावा लागतो.