वहीला चढवा कडक कांजी!

कोरेगाव भीमाच्या चौकात बस अडकलीय? रील्स ठेवा बाजूला, जपानीत शिरा!

माहीत आहे का? जपानी माणूस एकाच वाक्यात तीन लिप्या वापरतो. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी 46 मूळ अक्षरं. आणि तिसरी कांजी, जिची रोजच्या वापराची सरकारी यादीच 2136 चिन्हांची! दचकू नका. जपानी पोरं पहिलीत फक्त 80 शिकतात, सहावीपर्यंत 1026.

आता मराठी माणसाची लॉटरी! हिरागानाचा तक्ता म्हणून बघा: आ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय? वाटणारच! पूर्वी त्या 'सा'चा उच्चार 'च'च्या जवळचा होता आणि 'हा'चा चक्क 'पा'. बदलून म्हणा: क, च, त, न, प, म, य, र, व. आपलीच वर्णमाला! बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी 'सिद्धम्' लिपी अभ्यासली, त्यातून हा क्रम तिकडे रुजला. म्हणजे पाया आपण बालवाडीतच घातलाय.

माहीत आहे का? ही सिद्धम् विद्या चीनहून जपानला नेणाऱ्यांत मोठं नाव कूकाई या भिक्षूचं. त्यांनी कोयासान पर्वतावर मठ उभारला. आणि 1 जानेवारी 1927 ला कोरेगावच्या जयस्तंभाला मानवंदना देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा 2015 पासून त्याच कोयासानच्या विद्यापीठात उभा आहे. भीमाकाठ ते कोयासान, डायरेक्ट कनेक्शन!

पेन काढा. एक चौकोन काढा. किती रेघा? चार? चूक! कांजीत हा चौकोन म्हणजे 'तोंड', आणि तो तीन रेघांतच काढायचा: डावी उभी रेघ, मग वरची आणि उजवी एका झटक्यात, शेवटी तळ. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हा नियम हाताला लागला की अनोळखी कांजीही अंदाजाने लिहिता येते. गणिताची चौकटीची वही घ्या. एका रेघेची कांजी असो वा 29 रेघांची, चौकट सारखीच!

नदी? तीन उभ्या रेघा. झाली भीमा!

पुरुष? वर शेत, खाली ताकद. शेत म्हणजे चौकोन, आत अधिकचं चिन्ह: चार खाचरं, मधे बांध. शिरूर तालुक्यात हे समजावायची गरजच नाही. फक्त बाईही तेवढीच राबते, तिला या चिन्हात जागा हवी होती!

माहीत आहे का? जेएलपीटी या जपानी भाषेच्या जगप्रसिद्ध परीक्षेत हाताने एकही कांजी लिहावी लागत नाही. सगळे प्रश्न बहुपर्यायी! सेंटर पुण्यातच आहे. तरी माझं ऐका, लिहाच. लिहिलेली कांजी डोक्यात पक्की बसते, नुसती पाहिलेली निसटते.

आणि ही माझी सगळ्यात लाडकी, इतर बहुतेक कांजींसारखी चीनची नव्हे, खास जपानात घडवलेली. डावीकडे डोंगर. उजवीकडे वरच्या अंगाला 'वर', त्याच्याखाली 'खाली'. डोंगर, चढ, उतार... ओळखा पाहू! घाट! ताम्हिणी म्हणा नाहीतर माळशेज, नऊ रेघांत पार!