विश्वास कोणी, कोणावर ठेवायचा?

लोकशाही देशांत सरकारवरील जनतेचा विश्वास उडत चालला आहे, अशी चिंता विद्वान मंडळी वारंवार व्यक्त करतात. पुराव्यादाखल अमेरिकेचे आकडे येतात. वॉशिंग्टनचे सरकार योग्य तेच करील असा भरवसा कितपत वाटतो, हा प्रश्न तेथे १९५८ पासून लोकांना विचारला जातो. १९६४ मध्ये शेकडा ७७ लोकांनी 'नेहमी' किंवा 'बहुतेक वेळा' असे उत्तर दिले. व्हिएतनाम व वॉटरगेटनंतर, १९७४ मध्ये, हा आकडा ३६ वर आला. २००७ नंतर तो ३० च्या वर गेलेला नाही.

मी वेगळे विचारतो : ते सरकार विश्वासाला पात्र होते काय? १९६४ च्या त्या सुवर्णकाळात मिसिसिपीतील मतदानयोग्य काळ्यांपैकी शेकडा सातांचीही नावे मतदारयादीत नव्हती.

आणि त्याच वेळी अलाबामातील टस्कीगी येथे सरकारचे सार्वजनिक आरोग्य खाते एक 'अभ्यास' करीत होते. १९३२ साली तो सुरू झाला. सुमारे ६०० काळे पुरुष, बहुतेक गरीब कुळे. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. तुमचे रक्त बिघडले आहे, आम्ही उपचार करतो, एवढेच त्यांना सांगितले गेले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे या रोगावरचे रूढ औषध झाले. ते त्यांना दिले नाही. रोग माणसाचे मरेपर्यंत काय करतो, हे खात्याला पाहायचे होते! मोबदल्यात फुकट जेवण, तपासणीला नेणारी गाडी, आणि शवविच्छेदनाला संमती दिल्यास दफनाचा खर्च. या साऱ्या प्रकरणात मला दफनखर्चाचीच तरतूद सर्वांत बोलकी वाटते.

खात्यातल्याच पीटर बक्स्टन यांनी १९६६ पासून हरकत घेतली. वरिष्ठांनी अभ्यास चालूच ठेवला. जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांत बातमी फुटली, तेव्हा तो थांबला. (मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेच साल.)

आजही एखादा काळा माणूस लस टोचून घ्यायला कचरला की त्याला अडाणी ठरवतात. आजोबांचे काय झाले हे त्याला माहीत असते, एवढे मात्र कोणी ध्यानात घेत नाही.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये माफी मागितली. पण त्याआधी, १९७४ मध्ये, कायदा झाला होता : सरकारी पैशावर माणसांवर संशोधन करायचे तर ते आधी समितीपुढे ठेवले पाहिजे. या समितीत संस्थेबाहेरचा निदान एक सभासद असावा लागतो. माफीनाम्यापेक्षा मला ही एक खुर्ची मोलाची वाटते.