न्यायमूर्तींच्या दाराबाहेरचा बाक

मालिकेतला इन्स्पेक्टर दार ढकलून न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये शिरला, टेबलावर फोटो आपटले आणि पुढच्याच मिनिटाला बेड्या काढल्या. ते पाहिल्यापासून एक प्रश्न मनातून जाईना: उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपर्यंत पोलीस इतक्या सहज पोचतात? ओळखीची एक पटकथालेखिका अशाच कथेवर एका मराठी गुन्हेमालिकेचा भाग लिहीत होती. बिल्डरकडून पैसे घेऊन निकाल फिरवल्याचा संशय असलेला न्यायमूर्ती, आणि त्याच्या मागावर असलेले दोन अधिकारी. गोरेगावच्या चित्रनगरीत त्याचं शूटिंग लागलं, तेव्हा मी तिच्यासोबत गेले.

सेटवर पाऊल टाकताच ओल्या रंगाचा वास आला. कोर्टाच्या भिंती पुढून सागवानी, मागून प्लाय, खिळे आणि टेकू. न्यायमूर्तींच्या टेबलावर लाकडी हातोडा होता. लेखिकेनं तो उचलून बाजूला ठेवला, कारण आपल्या कोर्टात हातोडा नसतोच. थोड्या वेळानं पाहिलं तर हातोडा पुन्हा जागेवर. ‘‘चॅनलला लागतो, मॅडम,’’ आर्ट डिपार्टमेंटचा मुलगा म्हणाला.

लाइट लागले, आवाज तपासला गेला, सगळ्यांना जागा नेमून दिल्या. माझी नजर मात्र राहून राहून चोपदार झालेल्या काकांकडे जात होती. ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून त्यांनी कितीतरी कोर्टसीन केलेले. पांढरा अंगरखा, कमरेला लाल पट्टा. फ्रेम गुडघ्याच्या वरची, म्हणून पायात रबरी स्लिपर. वाट्याला संवाद एकही नाही. तरी दर टेकआधी ते पट्ट्याची गाठ चाचपून बरोबर मध्यावर आणत. वकील आणि पक्षकार झालेल्या पोरांना त्यांनी सांगितलं, ‘‘साहेब दिसल्यावर उठायचं नाही. मी आत आलो की उठायचं. साहेब माझ्या मागून येतात.’’

न्यायमूर्तींचं काम करणारा नट अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. तालमीत त्याचा दरारा वाटेना. टेकमध्ये काका आत आले, अख्खं कोर्ट उठलं, आणि त्या शांततेत तोच माणूस चालत आला तेव्हा मीही नकळत उभी राहिले. खुर्चीची ताकद अशी भोवतालच्या माणसांनी उभी केलेली असते. तपासाला निघालेला अधिकारी एका माणसासमोर नव्हे, त्या उठलेल्या कोर्टासमोर जात असतो.

लेखिकेचा जीव अडकला होता तो प्रसंग पुढचा. त्यामागे एक खरं प्रकरण होतं. १९७६ साली मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती के. वीरास्वामी पदावर असतानाच सीबीआयनं त्यांच्यावर बेहिशेबी मालमत्तेचा गुन्हा नोंदवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बहुमतानं दोन गोष्टी सांगितल्या. न्यायमूर्तींनाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू आहे. मात्र उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींवर गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत झालीच पाहिजे. म्हणून लेखिकेनं चार मिनिटांचा प्रसंग लिहिला होता: फाइल वर गेली आहे, आणि अधिकारी बाहेर बाकावर बसून आहे.

दिग्दर्शकानं पानं चाळली. ‘‘प्रेक्षक ४ सेकंद थांबतो. मग चॅनल बदलतो.’’ हा आकडा आला कुठून, हे त्यांनी सांगितलं नाही. पण त्यानंतर सेटवर जो तो ४ सेकंदच म्हणू लागला; कॅमेरामनही, असिस्टंटही. शेवटी ठरलं ते असं: बाकाचा एक शॉट आणि फोनवर ‘परवानगी मिळाली’ एवढं एक वाक्य.

शॉट लागला. इन्स्पेक्टर झालेल्या नटानं विचारलं, ‘‘नुसतं बसून करू काय?’’

उत्तर काकांनी दिलं. ‘‘काही करायचं नाही. फाइल मांडीवर ठेवायची आणि दार उघडलं की मान वर करायची. प्रत्येक वेळी. कोर्टात सगळे तेच करतात.’’

नटानं तसंच केलं. दार उघडलं, मान वर झाली. आतून भलताच कोणी आला, मान खाली गेली. पुन्हा दार, पुन्हा मान. अख्ख्या दिवसात मला खरा वाटलेला अभिनय तो. प्रसारणात त्यातले जेमतेम ४ सेकंद उरले. बेड्या मात्र तीन कोनांतून दिसल्या.

सल्लामसलतीची ती अट मला पटते. ती नसेल तर सरकारला नकोसा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींच्या दारात दुसऱ्याच दिवशी पोलीस उभे राहतील. पण त्याच अटीआड एखादा भ्रष्ट माणूसही सुरक्षित बसू शकतो. न्यायव्यवस्थेतला हा खरा पेच आहे, आणि तो प्रेक्षकाला कळतो. रोज तहसील कार्यालयात, पोलीस ठाण्यात, कोर्टात दाराकडे बघत बसणाऱ्या माणसाला वाट पाहणं म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. त्या बाकाला पूर्ण चार मिनिटं द्या. तो माणूस चॅनल बदलणार नाही.