साखळी, पत्रा आणि वळीव

सकाळी सहा. धारवाडला साधनकेरीच्या तळ्याकाठी कुत्री फिरवणारी मंडळी भेटतात. कुत्रा कायम बांधून किंवा कोंडून ठेवत असाल, तर त्याला पुरेसं फिरवणं मालकाच्या मर्जीवर नाही. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं 11वं कलम तसं बजावतं.

साडेनऊ. मराठा कॉलनीत लस टोचायला गेलो. अंगणात लॅब्राडोर, गळ्यात म्हशीला शोभेल अशी साखळी.

"काकू, याला सोडता कधी?"

"रात्री सोडतो की हो, डॉक्टर. दिवसा सोडला तर शेजारचे भांडायला येतात."

प्राण्याला फार आखूड किंवा फार जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा आहे. पण किती फूट, किती तास, हे कलमात नाही. मग मी मानेवरचे झडलेले केस बघतो, पाण्याच्या भांड्यापर्यंत तोंड पोचतं का ते बघतो. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्याने कोण घाबरणार? म्हणून दारात उभं राहून समजावणं मला जास्त मोलाचं वाटतं. कुंपणाचं फाटक दुरुस्त केलं तर हा दिवसाही मोकळा राहील, हे काकूंना पटलं.

दुपारी दीड. हुबळी, केश्वापूर. गच्चीवर पिंजरा, वर पत्रा, आत मांजर तोंड उघडून धापा टाकतंय. कुत्र्याचं धापा टाकणं रोजचं. मांजर असं करू लागलं की क्षणभरही थांबू नये. सावलीत आणलं, अंग ओलं केलं, पंखा लावला. पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा देणं मालकाला बंधनकारक आहे, आणि ते मांजरालाही लागू आहे. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्याला मी निवारा म्हणणार नाही.

चार. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून एका कॉलनीत बैठक. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालायची जागा ठरवायची होती. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यापासून दूर. ठरली.

सहा. धारवाडला परतताना वळीव कोसळला. भिजत उभी राहिलेली कुत्री दोन-तीन अंगणांत दिसली. कुत्र्याचं घर जमिनीपासून चार विटा उंच हवं, दाराची बाजू वाऱ्याकडे नको.

रात्री आठ. केश्वापूरहून फोन. मांजर जेवलं.

"डॉक्टर, पिंजरा खाली सावलीत ठेवला तर चालेल?"

"आधी मोठा करून घ्या, ताई. आत त्याला फिरता यायला हवं. तोवर घरातच राहू दे."