चीज भरलेली गरम अंजिरं

जेवणाआधी तोंडात टाकायला नेहमीच्या तळणापेक्षा काही वेगळं हवं असेल, तर चीज भरलेली गरम अंजिरं करून बघा. भूमध्य समुद्राकाठी ही जोडी फार जुनी आहे. कच्च्या अंजिराच्या चिकात फायसिन नावाचं विकर असतं आणि त्याने दूध घट्ट होतं. अंजिराच्या चिकाने दूध घट्ट होण्याचा उल्लेख होमरच्या ‘इलियड’मध्येही येतो. म्हणजे तिकडे अंजीर चीजसोबत खाल्लंही जाई आणि चीज करायलाही उपयोगी पडे.

या पदार्थाची सगळी भिस्त चीजच्या निवडीवर आहे, म्हणून आधी तेच पाहू. मोझरेला किंवा चेडार करताना दूध मुख्यतः रेनेट या विकराने घट्ट करतात. त्यात प्रथिनांना कॅल्शियम बांधून ठेवतं. ताप लागला की ही पकड सैल होते आणि चीज वितळून वाहू लागतं. शेळीच्या दुधाचं ताजं, मऊ चीज मात्र मुख्यतः आंबटपणाने घट्ट होतं. आम्लामुळे बरंचसं कॅल्शियम निवळीबरोबर निघून जातं, प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि तापवलं तरी वाहत नाहीत. चीज नुसतं मऊ पडतं. अंजिरात भरायला नेमकं हेच हवं.

मोठ्या शहरांतल्या दुकानांत हे चीज मिळतं. नाही मिळालं तर घरचा चक्का घ्या. तोही आंबटपणानेच जमलेला असतो. सायीच्या दुधाचं दही रात्रभर फ्रिजमध्ये टांगून पूर्ण निथळू द्या आणि चक्क्यात चिमूटभर मीठ घाला. पाणी राहिलं तर ते भाजताना सुटून ताटलीत साचतं.

आता फळ. पुरंदर तालुक्यातल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे हिवाळ्यात खट्टा बहार येतो आणि उन्हाळ्यात मीठा. नावाप्रमाणे मीठा बहार जास्त गोड. अंजीर झाडावरून उतरवल्यावर मऊ पडतं, पण त्याची गोडी वाढत नाही, त्यामुळे पिकलेलंच निवडायला हवं. देठाशी मान टाकलेलं, बोटाने हलकेच दाबल्यावर दबणारं अंजीर घ्या. फुटून पाणी सुटलेलं नको.

चार जणांसाठी आठ अंजिरं, १०० ग्रॅम चीज, सहा-सात अक्रोड, दोन चमचे मध आणि ताजी मिरपूड पुरते. अंजिरं धुऊन कोरडी पुसा. देठाचं टोक काढा आणि वरून अधिक चिन्हासारखे दोन छेद द्या, पण तळाशी पाव भाग अखंड ठेवा. मग खालच्या बाजूने चिमटीत दाबा. भरल्या वांग्यासारख्या चार पाकळ्या उघडतात आणि आतला गुलाबी गर दिसतो. त्यात चमचाभर चीज बसवा. काठोकाठ भरू नका, कारण ऊब लागल्यावर पाकळ्या आणखी सैल होतात.

ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून घ्या आणि अंजिरं ८ ते १० मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पॅनमध्ये थोडं लोणी घालून, मंद आचेवर झाकण ठेवून ४-५ मिनिटं पुरतात. इथे फळ शिजवायचं नाही, नुसतं गरम करायचं आहे. साल चकाकू लागली आणि तळाशी रसाचे थेंब दिसले की उतरवा. त्यापुढे गेलं तर गर बसतो.

मध आधी घालू नका. तो खाली ओघळतो आणि भांड्याला लागून करपतो. अंजिरं बाहेर काढल्यावर त्यावर मधाची धार सोडा आणि वेगळे भाजून भरडलेले अक्रोड व मिरपूड घाला. दोन मिनिटं थांबा, कारण आतला गर वरच्या चीजपेक्षा जास्त गरम असतो. मग कुरकुरीत टोस्टबरोबर वाढा.

अंजिरांचा हंगाम संपला तर हीच रीत पेअरला लावता येते. पेअर घट्ट असतं, म्हणून त्याच्या अर्ध्या फोडी आधी १५-२० मिनिटं नुसत्या भाजा आणि चीज शेवटच्या ५ मिनिटांत ठेवा. फळ कोणतंही असो, भाजायचा वेळ फळ किती घट्ट आहे ते बघून ठरवा आणि चीज मात्र आंबटपणाने जमलेलंच निवडा.