साध्या गोळीचा हिशेब

मराठी घरात औषधांसाठी म्हणून वेगळा डबा सहसा विकत आणला जात नाही. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका, नाहीतर फ्रिजच्या दारातला एखादा कप्पा, एवढ्यातच घरचा दवाखाना थाटलेला असतो. त्यात बामची बाटली असते, अर्धी पिळलेली मलमाची ट्यूब असते, कुणाच्या तरी आजारपणातून उरलेल्या चार कॅप्सूल असतात आणि हमखास असते ती तापाची गोळी. कुणी तिला क्रोसिन म्हणते, कुणी मेटासिन, कुणी कॅल्पॉल. २०२० च्या करोना साथीपासून ‘डोलो’ हे नावही घराघरांत पोचले. नावे चार, पण आतले औषध एकच : पॅरासिटामॉल.

फॅमिली डॉक्टर म्हणून मी गेली अनेक वर्षे एक वाक्य ऐकत आलो आहे : ‘साधी गोळी आहे हो ती, तिने काय होतंय!’ या वाक्यात पुष्कळ तथ्य आहे. योग्य मात्रेत घेतले तर पॅरासिटामॉल हे अतिशय निर्धोक औषध आहे. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखे ते जठराला बोचत नाही. गर्भवती स्त्रीला वा लहान मुलाला ताप आला की डॉक्टरही पहिल्यांदा त्याचाच विचार करतात. अडचण एवढीच की या औषधाला एक मर्यादा आहे आणि ती ओलांडली की तेच औषध यकृतावर उलटते. ही मर्यादा माणसे जाणूनबुजून ओलांडतात असे नाही. पुष्कळदा एकच औषध तीन नावांनी पोटात जाते आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नाही.

तापाच्या या औषधांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८८६ साली स्ट्रासबर्ग येथे कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर एका रुग्णाला जंतांवर नॅप्थलीन देऊन पाहत होते. औषधाच्या दुकानातून चुकून भलतीच पूड आली. जंतांचे काही झाले नाही, पण रुग्णाचा ताप मात्र उतरला! ती पूड होती अॅसिटॅनिलाइडची. तिने ताप उतरे, पण काही रुग्ण निळे पडत. मग त्याहून सौम्य औषधाचा शोध सुरू झाला. फॉन मेरिंग यांनी १८९३ मध्ये पॅरासिटामॉल रुग्णांना देऊन पाहिले होते, पण त्यांचे मत प्रतिकूल पडले आणि औषध अर्धे शतक अडगळीत गेले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि अॅक्सलरॉड यांनी दाखवून दिले की पोटात गेलेल्या अॅसिटॅनिलाइडचे शरीर पॅरासिटामॉल करते आणि गुण येतो तो त्याचाच. १९५५ मध्ये अमेरिकेत टायलेनॉल आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये पॅनाडॉल या नावांनी ते बाजारात आले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, अतिमात्रेमुळे यकृत बिघडल्याच्या नोंदी ब्रिटनमधून प्रसिद्ध झाल्या.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण घेतलेल्या पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोड्या भागाचे मात्र एक विषारी द्रव्य बनते. त्याला आवरण्यासाठी यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाच्या पदार्थाचा साठा असतो. कणगीतल्या धान्यासारखा तो रोज थोडा खर्च होतो आणि रोज भरला जातो. एकाच दिवशी मर्यादेबाहेर औषध गेले की कणगी रिकामी होते आणि ते विषारी द्रव्य यकृताच्या पेशींवर तुटून पडते. जो माणूस रोज मद्य घेतो, किंवा आजारपणात चार-चार दिवस ज्याच्या पोटात अन्न गेलेले नाही, त्याची कणगी आधीच तळाला गेलेली असते.

मग मर्यादा किती? धडधाकट प्रौढ माणसाने एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम घ्यावे, दोन मात्रांमध्ये ४ ते ६ तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत ४००० मिलिग्रॅमची हद्द कधीही ओलांडू नये. ही शेवटची हद्द आहे, रोज तिथपर्यंत जायचे असे नाही. मी स्वतः रुग्णांना ३००० च्या आत राहायला सांगतो. ज्यांचे वजन ५० किलोहून कमी आहे, ज्यांना यकृताचा जुना विकार आहे किंवा ज्यांचे पिणे रोजचे आहे, त्यांनी आपली मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. ‘जेवून घेतली की गोळी बाधत नाही’ असाही एक समज आहे. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांच्या बाबतीत जेवण जठराला थोडा आधार देते, हे खरे. पॅरासिटामॉलची मर्यादा मात्र जेवणाने वाढत नाही.

एका आजींचे उदाहरण सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, वजन जेमतेम ४२ किलो. गुडघेदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना दिवसातून दोन वेळा एक गोळी दिलेली होती. पावसाळ्यात त्यांना सर्दी-ताप झाला. घरात ६५० ची पाकिटे होतीच, ती दिवसातून चार वेळा सुरू झाली. सर्दी हटेना म्हणून मुलाने केमिस्टकडून सर्दीच्या गोळ्या आणल्या, त्या तीन वेळा. तिसऱ्या दिवशी आजींना मळमळू लागले, अन्न नकोसे झाले. नशीब असे की त्यांची सून मोठी टापटिपीची. ज्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशेब लिहीत असे, त्याच्याच मागच्या बाजूला तिने प्रत्येक गोळीचे नाव आणि वेळ टिपून ठेवली होती. मी बेरीज केली. गुडघ्याच्या गोळीत दुखण्याच्या औषधाबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते, म्हणजे दिवसाला ६५०. तापाच्या गोळ्यांचे २६०० आणि सर्दीच्या गोळ्यांचे १५००. एकूण ४७५० मिलिग्रॅम, आणि तेही ४२ किलोच्या देहात! रक्त तपासले तर यकृताला सूज. वेळेवर रुग्णालयात उपचार झाले आणि आजी बऱ्या झाल्या.

यातली प्रत्येक गोळी तिच्या-तिच्या मात्रेत बरोबर होती. चुकली ती बेरीज. आणि हे आपल्याकडेच घडते असे समजू नका. अमेरिकेत यकृत अचानक निकामी होण्याच्या कारणांत पॅरासिटामॉलचा क्रमांक पहिला आहे आणि तिथल्या एका मोठ्या पाहणीत अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांनी जास्तीचे औषध नकळत घेतलेले आढळले होते. म्हणूनच २०११ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घालू नये, असे कंपन्यांना सांगितले.

तेव्हा पाकिटावरच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरात जे लिहिलेले असते, ते वाचायची सवय हवी. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनच्या जोडीला पॅरासिटामॉल आहे, सॅरिडॉनमध्ये आहे, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत आहे. अमेरिकेतल्या भाचीने बॅगेतून आणलेल्या टायलेनॉलच्या बाटलीवर हा शब्दच सापडणार नाही. तिथे ‘अॅसिटॅमिनोफेन’ लिहिलेले असते. औषध तेच. केमिस्ट कात्रीने पाकीट कापून चार गोळ्या देतो, तेव्हा नाव आणि मुदत पुष्कळदा उरलेल्या तुकड्यावर राहून जाते. नाव नसलेला तुकडा घरी आणूच नये.

लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. मुलांची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते : दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांच्या अंतराने, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे १० किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. खरी मेख आहे ती बाटलीत. तान्ह्या मुलांसाठी मिळणाऱ्या थेंबांच्या बाटलीत बहुधा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ आणि जादा शक्तीच्या औषधात २४० किंवा २५०. डॉक्टरांनी ‘पाच मिली’ सांगितले ते साध्या औषधाचे; घरात असलेल्या थेंबांचेच कुणी पाच मिली पाजले तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात! बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारावी. मोजायला बाटलीबरोबरचे माप वापरावे. चहाचा चमचा आणि पोह्यांचा चमचा सारखे नसतात. झटके येतील या धास्तीने दर दोन तासांनी औषध पाजणारे आईबाप मी पाहिले आहेत. पॅरासिटामॉलने तापातले झटके टळत नाहीत. मुलाला बरे वाटावे, ते पाणी प्यावे, झोपावे, एवढ्यासाठीच ते द्यायचे. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध पाजत न बसता थेट डॉक्टरांकडे न्यावे.

हे सारे वाचून कुणी पॅरासिटामॉलला घाबरून दुसऱ्या गोळीकडे वळेल, तर तेही बरे नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची साथ येते. त्या तापात अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटामॉलच हवे. मात्र डेंग्यूत यकृतही दुखावलेले असते, म्हणून मोजूनच हवे. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला अॅस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. शिवाय ताप हा स्वतः रोग नव्हे. तो तीन दिवसांत हटला नाही, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, श्वास लागला, पोटात जोराने दुखू लागले किंवा अंगावर लाल ठिपके उठले, तर गोळ्या वाढवू नयेत, डॉक्टर गाठावा.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने मनात कोरून ठेवावी. चुकून, गोंधळात किंवा मनाच्या एखाद्या वाईट क्षणी कुणी जास्त गोळ्या घेतल्या, तर ‘बघू, काही होतंय का’ म्हणून थांबू नये. पहिला दिवस बहुधा शांत जातो, थोडी मळमळ होते किंवा तीही नाही. यकृताचे नुकसान दिसू लागते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. यावर एन-अॅसिटिलसिस्टीन नावाचा खात्रीचा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. माणूस हसत-बोलत असला तरी रुग्णालयात न्यावे, गोळ्यांचे रिकामे पाकीट बरोबर न्यावे. रागावणे, विचारपूस, सगळे नंतर.

आज रविवार आहे, घरची मंडळी घरी आहेत. चहा झाला की तो डबा वर्तमानपत्रावर उपडा करा. मुदत संपलेले आणि नाव नसलेले बाजूला काढा. ज्या-ज्या पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिले आहे, त्यावर पेनाने एक मोठा ‘पॅ’ लिहा. भिंग लागले तर आजोबांचे घ्या. घरातल्या मुलांची वजने एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. यापुढे कुणी आजारी पडले की दिलेली प्रत्येक गोळी वेळेसह कागदावर टिपा आणि एका वेळी एकच ‘पॅ’ बाहेर काढा. दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब आपण चोख ठेवतो. त्याच वहीत या साध्या गोळीसाठी दोन ओळी सहज मावतील.